नोकरीत असताना गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबई आयुक्तालयातल्या एक सहायक पोलीस निरीक्षक मॅडम, सरळसेवेतून आलेल्या, नोकरी 13 वर्षांची, मूळ पदवी बी.एस्सी. पुढेमागे पोलीस ठाण्याचा कारभार हाती येणार. त्याआधी गुन्हेगारीशास्त्र आणि पोलीस नेतृत्व या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, की त्यापेक्षा एलएल.बी. किंवा एमबीए बरं? बढतीला फायदा होतो का? आणि बंदोबस्त सांभाळून हे जमतं का?

मी ठाणे आयुक्तालयातून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालो. एम.ए. नोकरीतच केलं. आता अधूनमधून शिकवतो आणि नोकरदार विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध वाचतो. त्यातले बरेचसे आपल्याच खात्यातले असतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मॅडम, बढतीचं आधी उरकून टाकू. फायदा होत नाही. ज्येष्ठता, गोपनीय अहवाल, रिक्त पदं आणि चौकशी प्रलंबित नसणं यांवर आपली बढती चालते, त्यात एम.ए.चा रकाना नाही. उलट शिक्षणाची कीर्ती पसरली तर एखाद्या प्रशिक्षण केंद्रात पाठवणी होण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे त्याला साइड पोस्टिंग म्हणून नाक मुरडतात. माझ्या मते अभ्यासासाठी त्याहून चांगली जागा नाही, पण घरच्यांना ते पटवणं तुमच्याकडे.

एलएल.बी.बद्दल एवढंच म्हणेन: निवृत्तीनंतर काळा कोट घालायचा असेल तर जरूर करा. वर्गातल्या हजेरीची अट असते, हे मात्र लक्षात ठेवा. रोजच्या कामापुरता कायदा तुम्ही तपास करता करता शिकलाच आहात. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा आपण सगळेच पुन्हा पहिलीत बसलो होतो, वकीलसुद्धा. एमबीएची गोष्ट वेगळी. तिथला व्यवस्थापक माणसं निवडतो, काम चांगलं झालं तर पगार वाढवतो, नको असलेल्याला काढतो. पोलीस ठाण्याच्या प्रभारीच्या हातात यातलं काहीच नसतं. मनुष्यबळ मंजूर पदांपेक्षा कमी, त्यातले काही कोर्टात, काही बंदोबस्तात, काही आजारी रजेवर. शिवाय ठाण्यात येणारा माणूस आपल्याकडे हौसेने आलेला नसतो. या परिस्थितीत माणसं कशी चालवायची, हे एमबीएच्या उदाहरणांत सापडत नाही.

मग गुन्हेगारीशास्त्र कशासाठी? आपण फिर्यादीकडे पुरावा मागतो, साक्षीदाराला उलटसुलट विचारतो, आरोपीने सांगितलेलं पडताळल्याशिवाय केस डायरीत घेत नाही. पण रात्रीच्या नाकाबंदीने घरफोड्या कमी होतात का, चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) केल्याने माणूस सुधारतो का, तडीपारीनंतर हद्द शांत होते का, याचा पुरावा आपण स्वतःकडे कधी मागत नाही. ‘अनुभव आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. चांगल्या एम.ए.तून हा अनुभव तपासायची रीत मिळते. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

उदाहरण देतो. 1972-73 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत तिथल्या पोलिसांनी 15 बीटांवर (गस्तीसाठी पाडलेल्या हद्दीच्या तुकड्यांवर) एक प्रयोग केला. काही बीटांत गस्त पूर्ण बंद, गाडी फक्त कॉल आला तरच जायची. काहींत गस्त दुप्पट-तिप्पट. उरलेल्यांत नेहमीसारखी. वर्षाअखेरी गुन्हे, लोकांच्या मनातली भीती, पोलिसांबद्दलचं मत, यांपैकी कशातच लक्षणीय फरक दिसला नाही. जगभरच्या पोलीस अधिकाऱ्यांना ते झोंबलं. प्रयोगावर टीकाही झाली, बीट थोडी होती वगैरे, आणि ती टीका रास्त होती. पण प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच.

त्यावरूनच पुढचं काम झालं. 1989 मध्ये लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी मिनिआपोलिस शहरातले पोलिसांना आलेले कॉल पत्त्यानुसार मांडले, तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त कॉल जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. मग गस्त अशा ठिकाणांवरच वाढवून पाहिली, तर फरक पडला. पुढे ख्रिस्तोफर कोपर या अभ्यासकाने दाखवलं की अशा ठिकाणी पोलिसांनी साधारण 11 ते 15 मिनिटं थांबणं सर्वांत उपयोगी पडतं. नुसतं गाडी फिरवून गेल्याचा परिणाम लगेच विरतो आणि तासभर बसून राहिल्याने वाढीव काही मिळत नाही.

आता तुमच्या आयुक्तालयातलं कुठलंही ठाणं घ्या. वाशी असो, तुर्भे असो, कळंबोली असो, 112 चे कॉल हद्दीत सारखे पसरलेले नसतात. स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड, एखादा बार, मार्केटचं मागचं गेट, एखाद्या पुलाखालची जागा, असे मोजके ठिपके असतात आणि बीट मार्शलना ते तोंडपाठ असतात. तरीही रात्रपाळीच्या गाडीला आपण काय सांगतो? ‘हद्दीत फिरत राहा.’ बीट मार्शलला ठाऊक असलेलं नकाशावर उतरवून, त्यावर गस्तीची वेळ बेतून, तीन महिन्यांनी फरक पडला का ते मोजणं, एवढं जरी एम.ए.तून साधलं तरी फी वसूल.

कधी कधी अभ्यास उलट्या दिशेनेही शिकवतो, आणि तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच शर्मन यांनी रिचर्ड बर्क यांच्याबरोबर 1981-82 मध्ये मिनिआपोलिसमध्येच घरगुती मारहाणीच्या प्रकरणांचा प्रयोग केला होता. अटक, समज आणि काही तास घराबाहेर पाठवणं यांपैकी काय करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं जायचं. ज्यांना अटक झाली त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा हात उचलण्याचं प्रमाण कमी निघालं. निष्कर्ष गाजला, अनेक ठिकाणी अटकेचं धोरण आलं. मग इतर शहरांत तोच प्रयोग पुन्हा केला तर चित्र विस्कटलं. कुठे अटकेचा उपयोग दिसला, कुठे नाही. मिलवॉकीत तर बेरोजगार नवऱ्यांच्या बाबतीत अटकेनंतर पुढची मारहाण वाढलेली दिसली. एका शहरातला यशस्वी प्रयोग सगळीकडे लागू होतो असं धरून चालणं किती धोक्याचं, हे यातून जसं कळतं तसं दहा व्याख्यानांतून कळत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने 498-अ (विवाहितेचा सासरी छळ) मध्ये सरसकट अटकेला लगाम घातला, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली नोटीस देतो. पण नोटीस दिलेल्या घरात पुढच्या वर्षभरात काय होतं? हे कोण बघतं? ठाण्यात ती माहिती असते, विखुरलेली.

‘हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं’ असं वर्गात पहिल्या आठवड्यात कुणीतरी म्हणतंच. म्हणून राजस्थानचा अभ्यास सांगतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांबरोबर राजस्थान केडरच्या आयपीएस अधिकारी नीना सिंह त्यात होत्या, पुढे त्या सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) पहिल्या महिला महासंचालक झाल्या. 11 जिल्ह्यांतल्या 162 पोलीस ठाण्यांत चार गोष्टी करून पाहिल्या: पाळीपाळीने हमखास साप्ताहिक सुट्टी, बदल्यांवर स्थगिती, नोकरीतलं प्रशिक्षण आणि ठाण्यात बसणारे नागरिक-निरीक्षक. बदल्या थांबवण्याचा आणि प्रशिक्षणाचा चांगला परिणाम दिसला. सुट्टीचा आणि नागरिक-निरीक्षकांचा ठोस परिणाम दिसला नाही. का? अभ्यासकांचं म्हणणं असं की बदल्या थांबवणं आणि प्रशिक्षण या गोष्टी वरून हुकूम निघाला की होतात. उरलेल्या दोन ठाणे प्रभारीने रोज राबवाव्या लागतात आणि त्या नीट राबवल्याच गेल्या नाहीत.

मॅडम, तुमच्या प्रश्नातला ‘नेतृत्व’ हा शब्द इथे येतो. सुधारणा आयुक्तांच्या केबिनमध्ये मंजूर होते आणि ठाणे प्रभारीच्या टेबलावर अडते. तुम्ही त्याच टेबलावर बसणार आहात.

मध्य प्रदेशातला अभ्यासही वाचा. 180 ठाण्यांत महिलांसाठी हेल्प डेस्क नेमले आणि काय फरक पडला हे ठाण्यांची तुलना करून मोजलं. तो 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. हेल्प डेस्क असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि जिथे डेस्क महिला अधिकारी चालवत होत्या तिथे एफआयआरच्या बाबतीत ते जास्त ठळक दिसलं. आता हेच तुमच्या ठाण्यात झालं असं समजा. क्राइम मीटिंगला काय होईल? ‘महिलांविरुद्धचे गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले’ म्हणून तुम्हाला उभं करतील. गुन्हा वाढणं आणि नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण तक्त्यात एकच आकडा असतो. त्या आकड्याशेजारी 112 चे कॉल, रुग्णालयातून आलेल्या एमएलसी (मारहाण-जखमांच्या पोलिसांना कळवलेल्या नोंदी), अदखलपात्र नोंदी हे मांडून ‘साहेब, नोंद वाढली आहे, घटना वाढल्याचं दिसत नाही’ असं शांतपणे सांगता येणं ही शिकायची कला आहे. बर्किंगची, म्हणजे गुन्हा नोंदवायचाच टाळायची, सवय मोडायची असेल तर नुसती नैतिकता पुरत नाही. प्रभारीला आपल्या आकड्यांचा बचाव करता यावा लागतो.

घरच्या अंगणातलं उदाहरण भिवंडीचं. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगली, पहिल्या दंगलीनंतरचा न्यायमूर्ती मादन आयोग, हे तुम्ही प्रशिक्षणात ऐकलं असेल. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिट्यांत वस्तीतली साधी माणसं, दोन्ही समाजांतली, आणि त्यांच्याबरोबर नियमित बसणारा बीटचा पोलीस. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या ठाणे आयुक्तालयाला अभिमान वाटावा असंच काम आहे आणि मी ते वर्गात दर वर्षी सांगतो.

पण मग विद्यार्थ्यांना विचारतो: कमिट्यांमुळेच शांत राहिली हे कशावरून? यंत्रमागाच्या धंद्यात दोन्ही समाज एकमेकांवर अवलंबून होते, ते आधीही होतेच की. 1984 ची आठवण ताजी होती म्हणून लोक सावध होते का? त्या दिवसांत बंदोबस्त कसा लावला होता? ज्या मोहल्ल्यांत कमिटी जोरात होती आणि ज्यांत नावापुरती होती, त्यांत काही फरक होता का? खात्यातले विद्यार्थी सुरुवातीला रागावतात. त्यांना वाटतं मी खोपडे साहेबांच्या कामावर शंका घेतोय. खरं तर प्रयोग दुसरीकडे न्यायचा असेल तर त्यातलं नेमकं काय चाललं हे कळायलाच हवं. नाहीतर काय होतं ते आपण पाहिलंय. पुढे कितीतरी ठिकाणी कमिट्या झाल्या आणि त्यांचं रूपांतर सणाआधी चहा-बिस्किटांच्या बैठकीत झालं, तीच तीच पुढारी मंडळी पहिल्या रांगेत. नाव तेवढं नेलं, काम मागे राहिलं.

आणखी एक विषय, जो आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. गुन्हेगारीशास्त्रात ठपक्याचा सिद्धान्त शिकवतात: एखाद्याला वारंवार गुन्हेगार म्हणून वागवलं की त्याच्यासाठी इतर वाटा बंद होतात आणि तो त्याच वाटेवर ढकलला जातो. परदेशी पुस्तकात हे वाचताना महाराष्ट्रातल्या पोलिसाला परदेशी वाटू नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. तो कायदा 1952 मध्ये गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या, पण घरफोडी झाली की पहिला संशय कुठल्या पालावर जातो हे डीबीतल्या (गुन्हे शोध पथकातल्या) कुणालाही विचारा. ‘रेकॉर्डवरचे’ तपासू नयेत असं मी म्हणत नाही. तपासच करायचा असतो. पण रेकॉर्ड माणसाचं असतं, जमातीचं नसतं, आणि मोडस (गुन्हा करायची पद्धत) जुळते का हे बघायच्या आधी आडनाव बघितलं की खरा आरोपी तेवढा वेळ मोकळा फिरतो. तपास बिघडतो, हे तरी मान्य करायला हरकत नसावी. याची दुसरी बाजूही अभ्यासात आहे. मार्व्हिन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियात 1945 साली जन्मलेल्या जवळपास 10 हजार मुलांच्या पोलीस नोंदी पाहिल्या, त्यात 6 टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. म्हणजे सराईतांवर लक्ष ठेवणं चूक नाही, सराईत कोण हे नोंदीवरून ठरवलं तर.

आता नेतृत्वाच्या पेपरबद्दल. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी तो सर्वांत पातळ असतो. सिद्धान्तांची नावं, थोर नेत्यांच्या गोष्टी, दोन तक्ते. त्यातून एक गोष्ट मात्र उचला: टॉम टायलर यांच्यापासून सुरू झालेलं प्रक्रियेतल्या न्यायाचं काम. निकाल विरोधात गेला तरी आपलं ऐकून घेतलं, सगळ्यांना एकच नियम लावला, असं वाटलं तर लोक कायदा जास्त मानतात, हे त्याचं सार. पुढच्या अभ्यासांनी हेच ठाण्याच्या आत लावून पाहिलं. ज्या शिपायाला आपल्या अधिकाऱ्याकडून न्यायाची वागणूक मिळते, तो बाहेर नागरिकाशीही तसं वागण्याची शक्यता जास्त. ड्युटी लावताना कुणाला सतत रात्रपाळी, कुणाला सतत कोर्ट, साप्ताहिक सुट्टी कुणाची रद्द होते आणि कुणाची कधीच होत नाही, हे सगळं ठाण्यात प्रत्येकजण मोजत असतो. 2019 च्या देशव्यापी पोलीस स्थिती अहवालात पोलिसांचे कामाचे तास दिवसाला सरासरी 14 निघाले होते. 14 तासांनंतर फिर्यादीशी गोड बोला असं हजेरीत सांगून काय होणार?

2016 मध्ये मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. मूळ आराखडा एका शिपायाचा होता. उपलब्ध माणसांतच पाळ्या कशा बसतात हे त्याने मांडून दाखवलं आणि आयुक्तांनी ऐकून घेतलं. नेतृत्वाच्या पेपरात मला विचाराल तर मी एवढं एकच उदाहरण देईन आणि विद्यार्थ्यांना विचारेन, तुमच्या ठाण्यात असा कागद घेऊन एखादा शिपाई तुमच्यासमोर येऊ शकला असता का? मध्ये किती जणांनी त्याला अडवलं असतं?

कुठे करायचं, हा तुमचा खरा व्यवहाराचा प्रश्न. खाडीपूल ओलांडला की देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय हा तिथल्या सामाजिक कार्याच्या शिक्षणातला जुना विषय आहे. वर्गाबरोबर क्षेत्रकार्य असतं. तिथलाच ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कच्चे कैदी आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो. आपण ज्याला आत पाठवतो त्याचं पुढे काय होतं, हे तिथे दिसतं, आणि आपल्याला ते बघायची सवय नसते. अडचण एकच, ते पूर्णवेळ शिक्षण आहे. त्यासाठी अध्ययन रजा लागेल. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये तिची तरतूद आहे, बंधपत्र लिहून द्यावं लागतं, आणि मंजुरीचा प्रस्ताव टेबलांवरून फिरायला वेळ घेतो.

गुजरातेत गांधीनगरला दोन विद्यापीठं आहेत. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, दोघांना 2020 च्या कायद्यांनी राष्ट्रीय दर्जा मिळाला. दिल्लीची 1972 पासूनची गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायवैद्यकाची राष्ट्रीय संस्था आता पहिल्या विद्यापीठात सामील आहे. न्यायवैद्यकाकडे ओढा असेल तर तिकडे पाहा. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 ने आणली आहे, त्यामुळे ते ज्ञान वाया जाणार नाही. शुद्ध गुन्हेगारीशास्त्राची जुनी परंपरा दक्षिणेत. मद्रास विद्यापीठाचा विभाग 1965 चा आहे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही विभाग आहे. दूरस्थ शिक्षणात इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. तो एम.ए. नव्हे, पण अभ्यासाची सवय परत लावायला बरा. दूरस्थ किंवा ऑनलाइन एम.ए.च्या जाहिराती बऱ्याच दिसतील. पैसे भरण्याआधी तो अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते बघा. विद्यापीठ मान्य असलं तरी अभ्यासक्रम मान्य असेलच असं नाही.

परदेशी अनुभवी पोलिसांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम असतात. केंब्रिजच्या गुन्हेगारीशास्त्र संस्थेत अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण मिळतं. वर्षातून काही आठवडे तिथे राहायचं, उरलेलं आपल्या नोकरीतून, आणि प्रबंध आपल्याच दलातल्या प्रश्नावर. रचना उत्तम, खर्च आपल्या पगाराला न झेपणारा. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणाला मिळते. अमेरिकेची हम्फ्रे फेलोशिप मधल्या टप्प्यावरच्या व्यावसायिकांसाठी आहे, पण तिथे पदवी मिळत नाही.

पण नाव कुठल्याही संस्थेचं असो, पदवीची किंमत तुमच्या लघुप्रबंधावर ठरते. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांपैकी अर्धे ‘सायबर गुन्हे: एक अभ्यास’ या छापाचे असतात. 100 कॉलेज विद्यार्थ्यांना प्रश्नावली, वर्तुळाकार आलेख, शेवटी ‘जनजागृती आवश्यक’. असला प्रबंध कुठलाही मुलगा लिहील. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही, ते म्हणजे ठाण्यातल्या नोंदींची समज.

तडीपारीच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 55, 56, 57 खाली आपण दर वर्षी माणसं जिल्ह्याबाहेर काढतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. उपयोग होतो का? नुसतं ‘तडीपारीनंतर त्याच्यावर ठाण्यात गुन्हा नाही’ म्हणून चालणार नाही. तो इथे नव्हताच, आणि पालघर किंवा नाशकात त्याने काय केलं हे बघायला हवं. कलम 142 खाली हद्दीत सापडून किती जणांवर गुन्हे झाले, तेही पाहा. तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि तो आपल्याकडे तयार आहे: ज्यांचे प्रस्ताव गेले पण आदेश निघाला नाही, किंवा कलम 60 च्या अपिलात वा उच्च न्यायालयात आदेश रद्द झाला. दोन्ही गटांतल्या माणसांचे आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन वर्षांतले गुन्हे मांडा. यातही गोम आहे, रद्द झालेले प्रस्ताव मुळात कच्चे असू शकतात, म्हणजे ती माणसंच कमी सराईत असतील. ही गोम ओळखून तिचं काय केलं हे लिहिणं म्हणजे प्रबंध. उत्तर काहीही आलं तरी ते आयुक्तांच्या कामाचं असेल.

किंवा छोटा विषय घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. एका गटाला ठरावीक मेसेज, दुसऱ्या गटाला तोच मेसेज आणि तपास अधिकाऱ्याचा दोन मिनिटांचा फोन. तीन महिन्यांनी दोघांना पोलिसांबद्दल काय वाटतं ते विचारायचं, आणि विचारणारा त्या ठाण्यातला नको. मला असा प्रबंध वाचायला फार आवडेल, अजून कुणी आणलेला नाही.

वर्दीतल्या संशोधकाला एक जादा पथ्य पाळावं लागतं. कोठडीतल्या माणसाची ‘संमती’ ही संमती नसते, त्यामुळे स्वतःच्या तपासातल्या आरोपीची मुलाखत संशोधनासाठी घ्यायचीच नाही. नावं, पत्ते, गुन्हा क्रमांक प्रबंधात नकोत. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हाच आहे, बालकांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचं कलम 74. सीसीटीएनएसचा (गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीचा) ॲक्सेस ड्युटीसाठी दिलेला असतो, एम.ए.साठी नाही. माहिती हवी तर आयुक्तालयाला अर्ज करून, ओळख काढून टाकलेली मागा.

जमतं का? जमतं, पण दहीहंडी ते नवरात्र या काळात काही वाचून होईल अशी आशा धरू नका, आणि निवडणुकीच्या वर्षात शेवटचं सत्र येणार नाही असं बघा. शक्य असेल तर पहिलं वर्ष वाहतूक, विशेष शाखा किंवा मुख्यालयात असताना घ्या. इंग्रजीची धास्ती अनेकांना असते, विज्ञान शाखेमुळे तुम्हाला कमी असेल. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग ‘कसं मोजलं’ हा भाग, पटलं तर पुढचं. संख्याशास्त्राला मात्र पळवाट नाही. एक्सेलमधलं पिव्होट टेबल आधी पक्कं करा, तुमच्या ठाण्याचा वर्षभराचा मालमत्तेचा गुन्हा तासवार आणि बीटवार मांडून पाहा. ते आवडलं तर एम.ए. आवडेल. कंटाळा आला तर एलएल.बी.चा फॉर्म भरा, त्यात कमीपणा नाही.

आणि प्रवेश घेण्याआधी, पैसे भरण्याआधी, लेखी पूर्वपरवानगी. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ यावर राहू नका, साहेबांची बदली होते. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, कालावधी, वर्ग आणि परीक्षांच्या अंदाजे तारखा आणि ‘शासकीय कामात अडथळा येऊ देणार नाही’ ही नेहमीची ओळ असू द्या. प्रबंधासाठी नोंदी लागणार असतील तर त्याचाही उल्लेख याच अर्जात करा, म्हणजे दोन वर्षांनी वेगळा प्रस्ताव हलवावा लागणार नाही. आवक क्रमांक टाकलेली प्रत घरी फाइलला लावा. तडीपारीचा विषय घेणार असाल तर आराखडा मला आधी दाखवा. तुलनेचा गट कसा निवडायचा यावर बसून बोलू. पाचपाखाडीत आलात की फोन करा, दुपारी मी घरीच असतो.